वादळात छोटी पवनचक्की स्वतःला कशी वाचवते?



पवनचक्की म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो 'वीज किती देते?' हा. प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनमध्ये सर विचारतात तोही हाच आणि गावाकडे शेजारी विचारतात तोही हाच. त्यामुळे आपलं सगळं लक्ष वारा पकडण्याकडे असतं. पात्यांचा आकार, जनरेटर, बॅटरी यावर आपण पानंच्या पानं लिहितो. पण या यंत्राच्या डिझाइनमधला खरा अवघड भाग दुसराच आहे. तो म्हणजे नको असलेला वारा वेळेवर सोडून देणे.

खळ्यावर उफणणी करणाऱ्या माणसाला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वारं पडलं की उफणणी थांबते, आणि वारं फार सुटलं तरीही थांबते, कारण मग भुसकटाबरोबर दाणेही उडून जातात. माणूस तिवईवरून खाली उतरू शकतो. पवनचक्कीला मात्र पन्नास फुटी खांबावरून उतरता येत नाही. तिला वरच, एकटीने आणि कोणी घरी नसतानाही स्वतःला सांभाळावं लागतं. ते ती कसं करते हे या लेखात पाहू.

आपल्या बीड जिल्ह्यात बालाघाटच्या माथ्यावर मोठ्या पवनचक्क्या उभ्या आहेत. हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल नाही. शेतातल्या घरावर, शाळेच्या आवारात सोलर पॅनेलच्या जोडीने बसवतात त्या एक-दोन किलोवॅटच्या छोट्या चक्कीबद्दल आहे. महाऊर्जाने (मेडा) अशा पवन-सौर संकरित संचांसाठी अनुदानाची योजना राबवली होती, त्यामुळे ही जोडी अनेकांनी पाहिलेली असेल. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे (आयईसी ६१४००-२) पात्यांनी व्यापलेलं क्षेत्रफळ २०० चौरस मीटरपर्यंत असेल तर ती 'छोटी' पवनचक्की. आपण ३ मीटर व्यासाची चक्की उदाहरणाला घेऊ. तिचं क्षेत्रफळ ७.०७ चौ. मी. आणि जनरेटर १ किलोवॅटचा.

घनाचा हिसका

वाऱ्यातल्या पॉवरचं सूत्र आपण सगळ्यांनी पाठ केलेलं आहे:

पॉवर = ½ × हवेची घनता × क्षेत्रफळ × (वाऱ्याचा वेग)³

पाठ केलेलं असतं, पण त्यातला घन काय करतो हे आकडे घातल्याशिवाय कळत नाही. समुद्रसपाटीला हवेची घनता १.२२५ धरतात. आपण पठारावर आहोत आणि उन्हाळाही कडक, म्हणून १.१ धरू. चक्की वाऱ्यातल्या ३० टक्के पॉवरचं विजेत रूपांतर करते असं समजू. (बेट्झच्या मर्यादेप्रमाणे पात्यांना जास्तीत जास्त ५९.३ टक्केच घेता येते.)

- वेग ५ मी./से. (१८ किमी/तास): वाऱ्यात ४८६ वॅट, वीज साधारण १४६ वॅट
- वेग १० मी./से. (३६ किमी/तास): वाऱ्यात ३.९ किलोवॅट, वीज १.१७ किलोवॅट
- वेग २० मी./से. (७२ किमी/तास): वाऱ्यात ३१ किलोवॅट, वीज ९.३ किलोवॅट
- वेग २५ मी./से. (९० किमी/तास): वाऱ्यात ६१ किलोवॅट, वीज १८ किलोवॅट

म्हणजे १० मी./से. ला जनरेटर पूर्ण भरला. त्यापुढे वारा दुप्पट झाला की पॉवर आठपट. १ किलोवॅटच्या जनरेटरला ९ किलोवॅट दिले तर त्याचं वाइंडिंग जळणार हे सांगायला इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी असायची गरज नाही.

दुसरा धोका खांबाला. वाऱ्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपल्या चक्कीवर १० मी./से. ला हा धक्का साधारण ३११ न्यूटन, म्हणजे ३२ किलोच्या आसपास असतो. २५ मी./से. ला पाती तशीच वाऱ्यासमोर राहिली तर तो १९४४ न्यूटन, जवळजवळ दोनशे किलो होतो. तेवढं वजन खांबाच्या टोकाला आडवं ओढतंय असं समजा.

तिसरा धोका पात्यांना, आणि तो सगळ्यात वाईट. पात्याचं वजन २ किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य केंद्रापासून अर्ध्या मीटरवर धरा. मिनिटाला ३८२ फेऱ्यांना (आपल्या चक्कीचा नेहमीचा वेग) प्रत्येक पातं १६०० न्यूटनने, म्हणजे सुमारे १६० किलोने बाहेर ओढलं जातं. आता समजा जनरेटरवरचा लोड अचानक निघून गेला. पात्यांना अडवणारं काहीच उरलं नाही. १५ मी./से. च्या वाऱ्यात अशी मोकाट चक्की ९५५ फेऱ्यांपर्यंत जाऊ शकते. फेऱ्या अडीच पट झाल्या, पण ओढ सव्वासहा पट: १०,००० न्यूटन, म्हणजे एका पात्याच्या मुळाशी एक टन!

बीडचा वारा

आपल्याकडे जोराचा वारा दोन तऱ्हेचा. एक पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा. जून ते ऑगस्ट तो दिवसरात्र एकाच दिशेने लागतो. तो जोरदार असला तरी सरळ असतो आणि चक्कीला तोच पोसतो.

दुसरा एप्रिल-मे मधला वळवाचा वारा, ज्याला आपल्याकडे वावधान सुटलं म्हणतात. दुपारपर्यंत पान हलत नाही. मग आभाळ भरून येतं, ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते. काही मिनिटांत वेग शांततेपासून पत्रे उडवण्यापर्यंत जातो आणि दिशाही बदलते. वर्षाची बेरीज केली तर हा वारा फार थोडा वेळ असतो. पण चक्की मोडते ती याच वाऱ्यात.

किती जोर धरायचा? बांधकामासाठीच्या आयएस ८७५ (भाग ३) या कोडमध्ये छत्रपती संभाजीनगरसाठी (कोडमधलं नाव औरंगाबाद) मूळ वेग ३९ मी./से. दिला आहे. हा १० मीटर उंचीवरचा, साधारण ३ सेकंदांच्या झोताचा, ५० वर्षांतून एकदा अपेक्षित असलेला वेग. तासाला १४० किमी! आपल्या भागात हिशोबासाठी तोच धरायला हरकत नाही. प्रत्यक्ष खांब उभारण्याआधी मात्र कोडचा नकाशा उघडून पाहावा, आणि डोंगराच्या कडेला वारा आणखी वाढतो हेही लक्षात ठेवावं.

इथे एक गोष्ट परीक्षेतही चुकते. आयईसी मानकात वर्ग ३ च्या चक्कीसाठी ३७.५ आणि वर्ग ४ साठी ३० मी./से. असे आकडे आहेत. ते १० मिनिटांच्या सरासरीचे आहेत. झोताचा वेग त्याच्या १.४ पट धरतात, म्हणजे ५२.५ आणि ४२. आयएस कोडच्या ३९ ची तुलना या दुसऱ्या जोडीशी करायची. सरासरी आणि झोत यांची गल्लत केली तर चांगली चक्की कमकुवत वाटते.

वाचण्याचे मार्ग

१) मान वळवणे (फर्लिंग). मराठीत 'वारा येईल तशी पाठ द्यावी' म्हणतात. ही पद्धत अक्षरशः तेच करते. छोट्या चक्कीत ही सगळ्यात जास्त वापरली जाते. पात्यांचं केंद्र खांबाच्या बरोबर वर न ठेवता थोडं बाजूला सरकवलेलं असतं. त्यामुळे वाऱ्याचा धक्का चक्कीची मान सतत एका बाजूला वळवू पाहतो. मागची शेपूट तिला वाऱ्यासमोर धरून ठेवते. वारा वाढला की धक्का जिंकतो, मान वळते आणि शेपूट बिजागरीवर दुमडते. मान ६० अंशांत वळली तर वाऱ्याचा निम्माच घटक समोरून लागतो आणि पॉवर साधारण आठव्या हिश्शावर येते. जो घन आपल्याला मारत होता तोच इथे वाचवतो. काही चक्क्यांत बाजूला वळण्याऐवजी पाती मागे कलून आभाळाकडे तोंड करतात, तत्त्व तेच.

२) पाती वळवणे (पिच). टीओएमच्या व्हायवाला पोर्टर आणि हार्टनेल गव्हर्नर विचारतात ना? तेच इथे. फेऱ्या वाढल्या की वजनं बाहेर फेकली जातात आणि पाती आपल्या अक्षाभोवती वळून वाऱ्याला कमी धरतात. अमेरिकेत जेकब्स बंधूंच्या चक्क्यांत असा गव्हर्नर होता आणि वीज न पोहोचलेल्या शेतघरांवर त्या वर्षानुवर्षं चालल्या. पद्धत उत्तम, पण फिरते भाग जास्त, म्हणून किंमत आणि देखभालही जास्त.

३) हवेचा ब्रेक. डेन्मार्कमधल्या गेडसर इथे योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये २०० किलोवॅटची चक्की उभी केली. तिच्या पात्यांची टोकं वेग मर्यादेबाहेर गेला की आडवी होत. ती चक्की १९६७ पर्यंत चालली आणि पुढच्या डॅनिश चक्क्यांना तिने वाट दाखवली.

४) विजेचा ब्रेक. परमनंट मॅग्नेट जनरेटरच्या तिन्ही फेज एकमेकींना शॉर्ट केल्या की कॉइलमधला करंट पात्यांना अडवतो. स्वस्त आणि सोपा उपाय. शिवाय बॅटरी भरली की जादा वीज हीटरमध्ये जाळणारा डम्प लोड असतो, तोही चक्कीवर लोड कायम ठेवतो.

५) माणसाचा हात. पाणी उपसणाऱ्या जुन्या चक्क्यांना खालून दोरी किंवा तरफ ओढून बंद करता येई. १८५४ मध्ये अमेरिकेत डॅनियल हॅलडे यांनी आपोआप वेग आवरणारी, पाणी उपसणारी पवनचक्की काढली ती मुळात याच कारणासाठी, की प्रत्येक वादळात धावत जाऊन चक्की बंद करायला माणूस हजर नसतो.

वळवाची दुपार

आता मे महिन्यातली एक दुपार डोळ्यांसमोर आणा. सकाळपासून कडक ऊन. सोलर पॅनेलने बॅटरी दुपारी दोनलाच भरून टाकली. चार वाजता आभाळ आलं, वावधान सुटलं. कुठेतरी तारेवर फांदी पडली आणि लाइट गेली. परळीला औष्णिक केंद्र असलेल्या आपल्या जिल्ह्यात वळवाबरोबर लाइट जाणं कोणालाच नवीन नाही.

चक्कीच्या बाजूने पाहा. लाइनला जोडलेला इन्व्हर्टर असेल तर लाइन गेल्याक्षणी तो बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी त्याने तसं करायलाच हवं. बॅटरीचा संच असेल तर बॅटरी आधीच भरलेली. म्हणजे वारा सगळ्यात जास्त असतो नेमक्या त्याच वेळी चक्कीची वीज घ्यायला कोणी नसतं. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. वादळ एकच, आणि तेच वारा वाढवतं, तेच लाइट घालवतं. डिझाइन करताना या दोन गोष्टी एकत्रच घडणार असं धरावं लागतं.

अशा वेळी सगळा भार डम्प लोडवर आणि विजेच्या ब्रेकवर असेल तर काय होईल? डम्प लोडचा हीटर १ किलोवॅटचा असेल तर तो १ किलोवॅटच जाळणार. कंट्रोलरचा एक फ्यूज उडाला, खांबातून उतरणाऱ्या केबलचा एक जोड सुटला, की चक्की मोकाट. शॉर्ट करण्याचा स्विचही सर्वशक्तिमान नाही. ठरावीक फेऱ्यांच्या पुढे कॉइलच्या इंडक्टन्समुळे ब्रेकचा टॉर्क वाढायच्या ऐवजी कमी होत जातो. तेव्हा ऐन वादळात स्विच टाकला तर पाती थांबत नाहीत, फक्त कॉइल तापते. साध्या ग्रेडचे नियोडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या आसपास चुंबकत्व गमावू लागतात, आणि आपल्याकडे बाहेरचीच हवा ४० च्या वर असते. एकदा मॅग्नेट अशक्त झाले की ब्रेकही कायमचा अशक्त.

म्हणून नियम असा: विजेवर अवलंबून असलेलं संरक्षण दुय्यम धरा. पहिलं संरक्षण वजन, वारा आणि केंद्रोत्सारी बल यांवरच चाललं पाहिजे. गुरुत्वाकर्षणाचं लोडशेडिंग होत नाही.

तीन किलोचा दगड

फर्लिंगची खुबी बिजागरीत आहे. ती उभी नसते, साधारण २० अंश कललेली असते. त्यामुळे शेपूट दुमडताना थोडी वर उचलली जाते आणि वारा कमी झाला की स्वतःच्या वजनानेच उतरून जागेवर येते. शेपटीचं वजन हीच इथली स्प्रिंग.

हिशोब करू. शेपटीचं वजन ८ किलो, गुरुत्वमध्य बिजागरीपासून १.२ मीटरवर. परत आणणारं बलाघूर्ण जास्तीत जास्त ८ × ९.८१ × १.२ × साइन २० = ३२ न्यूटन-मीटर. पात्यांचं केंद्र १० सेंटिमीटर बाजूला आहे. म्हणजे वाऱ्याचा धक्का ३२२ न्यूटनच्या वर गेला की शेपूट दुमडणार. आपण वर पाहिलं की १० मी./से. ला धक्का ३११ न्यूटन. म्हणजे जनरेटर भरतो त्याच वाऱ्याला चक्की पाठ द्यायला सुरुवात करते. (वळलेल्या पात्यांवरची इतर बलं यात धरलेली नाहीत, पण अंदाजाला हे पुरतं.)

आता कोणीतरी म्हणतं, 'चक्की लवकर वळते, करंट कमी मिळतो,' आणि शेपटीच्या टोकाला, बिजागरीपासून २ मीटरवर, ३ किलोचा दगड बांधतं. बलाघूर्ण ५२ न्यूटन-मीटर झालं. आता शेपूट दुमडायला १३ मी./से. चा वारा लागणार. तोपर्यंत पॉवर दुपटीच्या वर गेलेली असते. बॅटरीचा व्होल्टेज तोच, म्हणजे करंट दुप्पट, आणि कॉइलमधली उष्णता करंटच्या वर्गाने म्हणजे चौपट. चार दिवस मीटरवर आकडा छान दिसतो आणि पाचव्या दिवशी जळका वास येतो. चक्की लवकर वळते ही तक्रार वाटते, पण तिचं कामच ते आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. मान फार झटकन वळणंही चांगलं नाही. फिरणारी पाती म्हणजे जायरोस्कोप. २.५ किलो-मी² जडत्वाघूर्णाची पाती ४० रेडियन/से. ने फिरताना मान सेकंदाला १ रेडियनने वळली तर १०० न्यूटन-मीटरचा मुरगळा येतो, तोही पात्यांना आलटून-पालटून पुढे-मागे वाकवणारा. वळवात दिशा अचानक फिरते तेव्हा हेच घडतं. म्हणूनच शेपटीच्या थांब्याला रबर लावतात.

एकावर विसंबू नये

मोठ्या पवनचक्क्यांत प्रत्येक पातं स्वतंत्र वळतं आणि ग्रिड गेलं तरी पाती वाऱ्याला कड देतील इतकी ऊर्जा हबमध्येच बॅटरीत किंवा हायड्रॉलिक दाबात साठवलेली असते. साधारण २५ मी./से. ला त्या स्वतःहून बंद होतात. तरीही २२ फेब्रुवारी २००८ रोजी डेन्मार्कमध्ये हॉर्न्सलेटजवळ एका मोठ्या चक्कीचा वेग वादळात आवरला गेला नाही आणि पाती खांबावर आपटून ती कोसळली. चित्रीकरण झाल्यामुळे ही घटना जगभर पाहिली गेली. धडा सरळ आहे: एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन ब्रेक हवेत. छोट्या चक्कीत फर्लिंग आणि शॉर्ट स्विच ही जोडी त्यासाठीच.

वळवाच्या आधी काय तपासावं

चक्की घरी, शाळेत किंवा कॉलेजात असेल तर मार्चअखेर, वारा नसलेल्या सकाळी एवढं करावं:

- शेपूट हाताने दुमडून सोडावी. आपोआप जागेवर आली पाहिजे. उन्हाळ्यात धूळ ग्रीसमध्ये बसून बिजागरी जाम होते. जाम बिजागरी म्हणजे संरक्षणच नाही.
- शेपटीला कोणी जादा वजन बांधलं आहे का ते पाहावं आणि असेल तर काढावं.
- चक्की मंद फिरत असताना शॉर्ट स्विच टाकून पाहावा. पाती जवळजवळ थांबली पाहिजेत. थांबली नाहीत तर कुठेतरी जोड सुटलेला आहे.
- डम्प लोडचा हीटर प्रत्यक्ष गरम होतो का पाहावं.
- फिरत्या चक्कीची वायर बॅटरीपासून कधीही सोडू नये. आधी शॉर्ट करून थांबवावी.
- ताणाच्या तारा, टर्नबकल आणि पात्यांच्या मुळाचे बोल्ट पाहावेत.
- वादळाचा इशारा असेल तर वारा येण्याआधीच शॉर्ट करून ठेवावी. एका दुपारची वीज गेली तरी चालेल.
- वादळात पात्यांच्या रेषेत कोणी उभं राहू नये.

अंतिम वर्षाच्या मित्रांसाठी यात एक छान प्रोजेक्ट आहे. पवनबोगद्याची गरज नाही. खांबाचा तुकडा वर्कशॉपमध्ये व्हाइसला पकडा, पात्यांच्या केंद्राला दोरी बांधून स्प्रिंग बॅलन्सने मागे ओढा. शेपटीवर वारा नसतो, म्हणून ती एका दिशेत अडकवून ठेवा. किती ओढीला मान वळायला लागते ते मोजा. बिजागरीचा कोन १५, २०, २५ अंश करून आणि शेपटीचं वजन बदलून आलेख काढा, आणि धक्क्याच्या सूत्राने तो वाऱ्याच्या वेगात बदला. खर्च थोडा, पण आपल्या चक्कीने कोणत्या वाऱ्याला पाठ द्यायची हे तुम्ही स्वतः ठरवलेलं असेल.

पुढच्या वेळी कोणी 'वीज किती देते?' विचारलं तर उत्तर जरूर द्या, आणि सोबत हेही सांगा की ती कितव्या वाऱ्याला थांबते आणि लाइट गेल्यावर तिला कोण थांबवतं. या दोन प्रश्नांची उत्तरं तयार असतील तर चक्की पुढच्या वळवानंतरही खांबावर दिसेल.